भाऊ मागून येतोय

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेतली तेव्हा
हिंमतसिंग गिरासे नोटा मोजता मोजता म्हणाले,
मोबाइल खोगिराच्या थैलीत नको, अंगावर ठेव.
घोडी पळाली की थैलीही पळते.
मग अंगठ्याला थुंकी लावून, खाली बघतच:
आणि वाटेत कुणी काहीही सांगो, उतरायचं नाही.
वर आहेस तोवर स्वार.
उतरलीस की नुसती बाई.

मला राग आला.
त्या रागात आणखी हजार कमी करून घेतले.

आता दर रविवारी शहाद्याबाहेर पडते,
पाटाच्या कडेनं, पपईच्या मळ्यांमधून गोमाईपर्यंत.
काजळीचे कान पुढे असले की सकाळ सकाळसारखी असते.
एक कान मागे वळला
की मीही मागे बघते.

त्या दिवशी तिचे दोन्ही कान मागे होते.
मोटारसायकल एकदा गेली. दोघं जण.
पुढच्या बाभळीपाशी वळून परत आली.
'मॅडम, फोटो काढू का?'
एमएच एकोणचाळीस, पुढचे आकडे मी पुटपुटत राहिले,
वर्गात पोरांकडून पाढे घोकून घेते तशी.
फोन कानाला लावला, रेंज नव्हती,
तरी मोठ्यानं बोलले, हो, पुलापाशी पोचलेय, या तुम्ही.
हसत निघून गेले.
हसू बराच वेळ पाटाच्या पाण्यावर राहिलं.

आणि मग हा.
पाटाच्या पलीकडे, खांद्यावर फावडं,
बारं द्यायला आलेला असावा.
किंवा नसावा.
'एकलीच निंघनी का, ताई?'

या प्रश्नाला मी चौदाव्या वर्षापासून एकच उत्तर देते.
सायकलवर दिलंय, एसटीत दिलंय,
निकाल लागायच्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात दिलंय.
मला भाऊ नाही.
'मना भाऊ येई राहिना मांगे,' मी म्हटलं.

त्यानं मागे बघितलं. लांबवर रिकामा रस्ता,
आमच्याच टापांची धूळ अजून खाली बसत होती.
तो काही बोलला नाही त्यावर.
फक्त फावड्याच्या दांड्यानं दाखवलं:
'तुनी घोडीना तंग ढिला व्हयेल शे. उतरीसन आवळी ले.'

उतरीसन.

गिरासेंचा थुंकी लावलेला अंगठा डोळ्यापुढे आला.
बरं, म्हटलं, आणि टाच मारली नाही,
कारण तंग खरंच ढिला असेल तर दौडीत मी खोगिरासकट पोटाखाली.
खोटं असेल तर उतरणं म्हणजे.
वाक्य पूर्ण केलं नाही.
मांड्या आवळून, आयाळीत बोटं रुतवून
चालवत नेली, पाऊल पाऊल,
आणि पाठ त्याच्याकडे असताना
पाठीला डोळे फुटायचे तेवढे फुटले.

पुढच्या मळ्यात सात-आठ बाया
पपया वर्तमानपत्रात गुंडाळत बसल्या होत्या.
तिथे उतरले.
एकीनं विचारलं, चावस का व हाई?
तंगाखाली हात घातला.
पूर्ण तळहात गेला, वर मनगट.

दोन भोकं आवळताना हात थरथरले,
कशानं ते मला अजून ठरवता येत नाही.
त्याचे आभार मानायला मी मागे गेले नाही.
आजही तसंच झालं तर
तेच खोटं बोलेन, तशीच चालत जाईन.
पण घरी आल्यावर नेहमीसारखा चहा उतरला नाही घशाखाली.

महिन्यानं तो पुन्हा दिसला, त्याच जागी,
गुडघाभर चिखलात, बारं मोडत.
काजळीचे कान पुढे.
त्यानं मान वर केली, तंगाकडे बघितलं आधी,
मग माझ्याकडे:
'भाऊ उना का मंग तुना?'

'नही,' मी म्हटलं. 'आजून मांगेच शे.'

तो हसला. फावडं चिखलात मारलं.
पाट ओलांडून आला नाही.
'येवू दे, येवू दे,' म्हणाला,
'मी शे आठे दुपारलोंग.'