माथ्यावरचा एक खवला

ओळखायचं कसं, ते आधी सांगते.
पकडायची, शेपटाला हात न लावता.
(शेपूट टाकून पळाली, तर ते वळवळतं शेपूट
बराच वेळ आपल्यालाच वेडावत राहतं.)
मग भिंगातून माथा बघायचा.
डोळ्यांमागे एकच मोठा खवला, शंकरपाळ्यासारखा:
ही बाहेरची.
तिथेच दोन, मधे टीप घातल्यासारखी रेघ:
ही इथली.
बाकी दोघीही सापसुरळ्या, तपकिरी, बोटभर.
एवढ्याशा शिवणीवर
दिवसाला चाळीस निवाडे करते मी.

ऑकलंडच्या पश्चिम टोकाला सिओसायाची नर्सरी.
पोंगा नेच्याच्या कुंडीत, मुळांच्या जाळ्यात
पावट्याच्या दाण्यांसारखी पांढरी अंडी.
एकीची नव्हेत.
अख्ख्या आळीनं एकाच पोटमाळ्यावर ठेवलेली.
मोजली. त्र्याऐंशी.
कुंडी विकली जाते, बोटीत चढते,
बेटावर उतरते. कोणी तिकीट विचारत नाही.
तेव्हापासून सिओसाया प्रत्येक कुंडी उलटी करून धुतो,
परवा माझा थर्मासही धुतला.

इथली अंडी घालत नाही.
पिल्लं पोटात वागवते, वर्षातून एकदा,
फेब्रुवारीच्या उन्हात चार-पाच,
आणि ओंडक्याखाली इतकी गप्प असते
की ओंडक्यालाही पत्ता नसतो.
मोकोमोको म्हणजे पहारेकरी, काका सांगायचा,
दिसला, तर समज पहारा चुकला.

शेडमध्ये दोन पेट्या.
तळाला वाळू, एका टोकाला तापवलेलं कौल,
मधे पुठ्ठ्याची भिंत, भिंतीला अंगठ्याएवढी फट.
माझ्या हातात स्टॉपवॉच.

बाहेरची झाकण उघडायच्या आतच निघालेली.
कौल पाहिलं, सोडलं.
भिंतीवर चढली, घसरली, चढली,
फट सापडली, डोकं घातलं,
खांदे आवळले,
पलीकडे.
पलीकडे काही नव्हतं.
तरी गेली.
एक मिनिट बावीस सेकंद.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात;
हिच्या लेखी कुंपण म्हणजे
पुढचा रस्ता विचारायची जागा.

इथली कौलाखाली शिरली.
पाच वाजले, कौलाखालीच.
तक्त्यात लिहिलं: हालचाल नाही.
शेवटच्या रकान्यात एका शब्दात स्वभाव लिहायचा असतो.
लिहिलं: भित्री.

सिओसायानं चहाला थांबवलं.
कोण जिंकलं, त्यानं विचारलं.
मग त्याच्या मुलीचे अपूर्णांक सोडवले,
तिसरं गणित आम्हा तिघांनाही येईना,
साडेआठ वाजले.
गाडीपाशी आल्यावर कळलं, किल्ल्या शेडमध्येच.

दिवा लावला नाही. का, ठाऊक नाही.
पेटीत कोणीतरी चालत होतं.
एक पाय उचलायचा,
थांबायचं,
वाळूचं म्हणणं ऐकून घ्यायचं,
मग दुसरा.
ती भिंतीपाशी आली.
फटीत डोकं घातलं नाही.
फटीला जीभ लावली,
पलीकडची हवा चाखली
आणि वळली.
तेवढं तिला पुरलं.
शेजारच्या पेटीत बाहेरची
वाळूत नाक खुपसून गाढ झोपलेली,
एकाच दिवसात सगळं जग बघून आल्यासारखी.
तिचीही माया आली मला.
ते तक्त्यात नाही.

म्हणून इथली तरेल, असं काही नाही.
कुंपणाकडेच्या गवतात मी दगड उचलते
तेव्हा दहातल्या नऊ माथ्यांवर
शिवण नसते.
आणि दगड मी दुपारी उचलते,
कारण माझा पगार दुपारचा आहे.

सकाळी आले.
‘भित्री’वर काट मारली.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
पेन्सिल बराच वेळ तशीच धरून होते;
बाहेर सिओसाया कुंड्या धूत होता,
पाण्याचा आवाज येत होता.
शेवटी वेळ लिहिली:
आठ वाजून चाळीस मिनिटं.
संध्याकाळचे.