वाटा

माझ्या नकाशावर हर्णै एक टिंब आहे.
त्यातून बाण निघतात:
दापोली, खेड, महाड, पुणे, मुंबई.
सहावा मी दोनदा काढला, दोनदा खोडला.

बाणाला स्केचपेन पुरतं.
मासळी जायला बर्फ लागतो,
आणि बर्फाला मकबूल बुरोंडकरांच्या कारखान्यात
वीज लागते.
मंगळवारी साडेतीन तास नव्हती.
मी 'अडथळे' या रकान्यात नोंदलं.
मकबूलभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून रकाना पाहिला:
"आमच्या नशिबाला सव्वा इंच जागा दिलीत, बरं केलंत."

मी घाटावरची, कऱ्हाडची.
बांगडा कुठला नि तारली कुठली
हे कळायला तीन आठवडे गेले,
पण साखळी पाठ होती:
होडी, बैलगाडी, लिलाव, खोका, टेम्पो, ताट.
दोन कड्यांमध्ये किती मिनिटं, किती अंश,
शेकडा किती नासलं.

बैलगाड्या पोटभर पाण्यात शिरतात.
लाट आली की बैल नुसती मान उचलतो,
ती जाईपर्यंत तसाच.
ही मिनिटं मी कुठेच धरलेली नाहीत.

खोका क्रमांक सत्तावीस, बांगडे.
त्यात कोटाच्या बटणाएवढं यंत्र,
दर दहा मिनिटांनी एक आकडा लक्षात ठेवणारं.
दोन पूर्णांक एक.
चार.
साडेसहा, कारण बर्फ त्या दिवशी मुठीनं वाटला गेला.
अकरा.
मग एकदम चौतीस.
चौतीस, चौतीस, दिवसभर चौतीस,
रात्री एकोणतीस, पहाटे पुन्हा चौतीस.

सर म्हणाले, गेला खोका. पूर्ण नासाडी.
किंवा यंत्र बिघडलं; ही ओळ गाळा.

ओळ गाळण्याआधी मी बंदरावर विचारत गेले.
दलाल म्हणाला, त्या खोक्याला बर्फ नव्हता,
व्यापाऱ्यानं पायानंच बाजूला सारला.
मग?
मग काय, लाडूबाय.

लाडूबाय चोगले एसटीच्या मागच्या बाकावर,
टोपली पायांत, पदर खोचलेला.
"तुझं बटान व्हय? पडलं असतं गो,
म्हणून चंचीत ठेवलंन."
चंची कमरेला.
दोन दिवस मी तिच्या अंगाची ऊब मोजत होते
आणि सर त्याला नासाडी म्हणत होते.

बांगडे त्याच दिवशी दुपारच्या आत संपलेले,
वाकवलीच्या पुढे, तीन वाड्यांत,
जिथे टेम्पो वळत नाही.
मी फॉर्म काढला. एकक?
"वाटा."
एका वाट्यात किती नग?
"घेणारं कोन, त्यावर."

बाळंतिणीचा मोठा.
मास्तरांचा आधी लहान लावायचा,
कारण ते घासाघीस करणार, मग दोन वाढवायचे,
म्हणजे त्यांना जिंकल्यासारखं वाटतं.
बाबल्या पावसाळ्यात तांदूळ देतो,
त्याचा आज फुकट.
मुलगा मुंबईला गेलेल्या म्हातारीचा एकच मासा,
पण साफ करून,
आणि थोडं बसायचं.

फॉर्ममध्ये 'थोडं बसायचं' याला रकाना नाही.
सहाव्या बाणाचं टोक कुठे काढू,
त्या ओट्यावर की तिच्या घरी परतताना?

सरांना मी लिहिलं: यंत्र ठीक आहे.
पुढचं वाक्य तीन वेळा लिहिलं,
शेवटी पाठवलं नाही.

काल बंदरावर तिनं मलाही एक वाटा लावला,
पैसे घेतले, नेमके, सुटे.
खोलीवर येऊन मी मोजले, सवयीनं:
पाच बांगडे,
आणि वर टाकलेला एक लहान, शेपटी तुटकी.

तिच्या हिशेबात मी कोण
ते विचारायचं राहिलं.