कस

विट्यात मायणी रोडला माझी लॅब. वर पत्रा, आत एसी.
एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही.
मंगळवारी दुपारी हिंदुराव आले,
सेलमला चाळीस वर्षं गलाई केलेले,
नखं अजून ॲसिडनं पिवळी.
काउंटरवर त्यांनी दोन सर्जेराव ठेवले:
एक पासबुकावरचा, अंगठ्याएवढा, गालावर शिक्क्याची कड;
दुसरा पुतण्यानं मोबाइलवर वाढवून छापलेला,
गुंडाळी करून आणलेला.

"भाऊ माझा. ह्यातला कंचा चांगला?"

असं नाही सांगता येत, काका.
लहान-मोठं शेजारी ठेवलं
की डोळा मोठ्याच्या बाजूनं कौल देतो.
आधी दोन्ही एका मापाला आणावे लागतात.

ते हसले. "म्हंजे आमच्यावाणीच.
गुंज असू दे न्हाईतर तोळा,
दगडावर रेघ सारख्याच लांबीची वडायची."

पण कुणाला कुणाच्या मापाला आणायचं
हे दगड सांगत नाही.

मोठा लहान केला.
चार ठिपक्यांचा एक झाला,
चौघांचं आपसातलं भांडण सरासरीत मिटलं.
अंगठ्याएवढा झाल्यावर तोही देखणा.
लहानपणी कोण वाईट दिसतं?

लहान मोठा केला.
एका ठिपक्याला चार घरं दिली,
उरलेल्या तीन घरांत कोण राहतं
ते मशीननं शेजाऱ्यांना विचारून लिहिलं.
शंभर टक्क्यांवर हनुवटी,
दोनशेवर दाढीची खुंटं,
चारशेवर नुसत्या विटा.

सॉफ्टवेअरनं आकडे दिले.
लहान करून मोजलं तर मोठा पुढं, एकतीसला अठ्ठावीस.
मोठं करून मोजलं तर लहान पुढं, अर्ध्या गुणानं.
तेच दोघे, तोच संगणक, दुपारचे तेच साडेतीन.

हिंदुराव आकड्यांकडं बघतच नव्हते.
मोठ्याच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवत होते.
"हितं डाग हुता. एकोणनव्वदला मूस फुटली,
थेंब उडाला. कुठं गेला?"

पुतण्याच्या ॲपनं कातडी गुळगुळीत केलेली.
लहानात शोधला. होता.
दोन ठिपके, शेजाऱ्यांपेक्षा जरा काळे.
दोन ठिपके म्हणजे डाग असू शकतो,
शिक्क्याची उडालेली शाईही असू शकते.
मी तसं सांगितलं.
ते काही बोलले नाहीत.

मग मी विचारलं, भिंत केवढी आहे?
किती लांबून बघणार माणसं?
दहा फुटांवरून कुठलाही चालेल,
दहा फुटांवरून सगळंच चालतं.

"चौकटच नगं," म्हणाले.
"लांबनं बघायचा मानूस न्हवता त्यो.
हाय तेवढाच काढ. आठ."

आठ काढले, कापून पाकिटात घातले.
चाळीस रुपये झाले, सुटे दिले.

मोठा तसाच काउंटरवर राहिला.
आठवडाभर वाट पाहिली.
आता त्याच्या पाठीवर मी कागद कापते.