दोन क्लच

झिनिया गावात, ओहायोत, जानेवारीत
शटरखालून बर्फाची भुकटी आत येते
आणि लिफ्टवरच्या गाडीतून थेंब थेंब तेल.
वास करपट, जळक्या तिळांचा.
डेल्बर्ट बोट बुडवून हुंगतो, म्हणतो, गेल्या प्लेटा.
दिवसभरात त्याची वीसेक वाक्यं होतात, त्यातलं हे पहिलं.

गाडी वेड कॉफमन नावाच्या पोराची.
दिवसा लोकांची छपरं शाकारतो, रात्री टर्बो बदलतो.
नऊशे घोडे बांधलेत त्याने बॉनेटखाली
आणि गिअरबॉक्स कंपनीचाच, पाचशेच्या हिशेबाचा.
चौथ्यात पूर्ण दाबलं की सुई चढते, आवाज चढतो,
गाडी आहे तिथेच.
मला माझे एक काका आठवले,
पण ते वेडला इंग्रजीत कसं सांगू.

दोन क्लच असतात यात, एकात एक बसवलेले.
एकाकडे एक, तीन, पाच. दुसऱ्याकडे दोन, चार, सहा.
एकाने सोडायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचं.
उशीर झाला तर इंजिन मोकाट,
घाई झाली तर दोघांची ओढाताण.
इचलकरंजीला आमच्या स्लॅबच्या दिवशी
घमेली अशीच चढली होती शिडीवरून.
वरचीच्या हातात वजन गेलं
हे खालचीच्या बोटांना कळायचं.
"धरलंस का?" कुणी विचारत नव्हतं.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या,
उद्याच्या उसळीला वाल घालावेत तशा.
सकाळी मोड नाही आले,
पण काळ्या, जड, तुकतुकीत झाल्या.
बास्केटात सहा मावायच्या, तेवढ्याच जागेत आता आठ.
एक फायबरची, एक पोलादाची, एक फायबरची
मोजताना ओठ हलतात माझे, अजून मराठीतच.

मग सर्कलिप. मग फटीचं माप.
हे काम डेल्बर्टचं, एकतीस वर्षं त्याचंच.
फीलर गेजचं पान सरकवून त्याने डोळे मिटले,
तो मापं डोळे मिटूनच घेतो,
आणि म्हणाला, बरोबर.
पान थरथरत होतं.
हीटरच्या वाऱ्याने, असं मी ठरवलं.

तो कॉफी आणायला गेला तेव्हा मी मोजलं.
कमी भरलं. केसभर.
दोन केस म्हणा.
एवढ्याने क्लच कधी पूर्ण सुटत नाही,
सोडल्यासारखं करतो आणि घासत राहतो,
आपला आपण जळतो.
सर्कलिप काढली, पातळ घातली,
तेलकट बोटं, छातीत धडधड,
फडताळातला लाडू चोरतेय जणू.

तो दारात उभा होता, दोन कप घेऊन.
किती वेळ, कोण जाणे.
एक कप माझ्यापुढे ठेवला.
फीलर गेज पुसलं, अगदी पानन् पान,
आणि स्वतःच्या खणात न टाकता
टेबलावर ठेवलं, माझ्या बाजूला, चष्म्याशेजारी.
कॉफीत साखर जास्त होती. तेही मी बोलले नाही.

दुपारी लॅपटॉप लावून गाडीला शिकवलं
कुठे नुसता स्पर्श होतो आणि पकड कुठून सुरू.
ती हळूच दाबून बघते, सोडते, परत दाबते,
आंधळ्याने जिन्याची पायरी चाचपावी तशी.

संध्याकाळी बेचाळीस नंबरच्या रस्त्यावर
वेडने चौथ्यात पाय दाबला.
सुई चढली आणि आम्हीही तिच्याबरोबर,
माझं डोकं सीटला चिकटलं,
दोन्हीकडचं कापलेल्या मक्याचं रान पुसून गेलं.
तो काहीतरी ओरडत होता. बहुतेक आनंदाने.

परतताना स्टॉपच्या पाटीपाशी गाडी हिसका देऊन निघाली.
"हे काय?" तो म्हणाला. "आधी लोण्यासारखी सुटायची."
आता पकड आहे, मी म्हटलं. पाचशे मैल जाऊ दे,
थोडं घसरायला शिकेल.

गॅरेजात डेल्बर्ट नव्हता. हीटर चालू होता.
गेज टेबलावर तिथेच.
मी दिवा घालवला,
तरी ते खणात टाकलं नाही.