दोन मजल्यांच्या मधे

पहिल्या मंगळवारी मी जिन्यानं गेलो.
सहा मजले. रोसारिओतली जुनी इमारत.
लिफ्ट चालू होती, पण तिच्या कप्पीचा आवाज
दारातूनच आला कानावर: बेअरिंग सुकलंय,
फार तर महिनाभर टिकेल.
तेवीस वर्षं हेच ऐकत आलोय मी.
माझं काय सुकलंय
ते मात्र मिर्तानं सांगावं लागलं.

ब्रांदान बाईंच्या खोलीत एक पंखा,
दोन खुर्च्या, एक सोफा. विचारलं, आडवं व्हायचं का?
म्हणाल्या, बसा, नाहीतर उभे राहा, तुमची मर्जी.
उभाच राहिलो.
आणि बोललो काय, तर दोराबद्दल.
आठ पेडांचा पोलादी दोर,
एखादी तार तुटली तर डोळ्यांना दिसत नाही;
फडकं धरायचं आणि वरून खाली फिरवायचं,
अडकेल तिथं तुटलंय.
बाईंनी काही लिहून घेतलं नाही.
फक्त विचारलं, "तुमचं फडकं कुठं अडकतं?"
मी म्हणालो, वेळ संपली.

दुसऱ्या, तिसऱ्या मंगळवारी फेरेयराला शिव्या घातल्या.
फेरेयरा माझा साहेब. दोन माणसं काढली
आणि त्यांच्या इमारती माझ्या गळ्यात मारल्या.
एकशे चाळीस लिफ्ट, एक फोन,
तो फोन उशाशी.
रात्री वाजला की अर्ध्या झोपेत म्हणतो,
"दार ओढू नका, उड्या मारू नका, मी निघालोय."
मिर्ता म्हणते, न वाजताही म्हणतोस.

सासरे आमच्याकडेच असतात.
रात्री उठून स्वयंपाकघरालाच संडास समजतात.
आम्ही पुसतो. त्यावर घरात कुणी हूं की चूं करत नाही.
बाईंसमोरही मी अवाक्षर काढलं नव्हतं.
लाज पुसण्याची नव्हती,
पुसताना मनात जे यायचं, त्याची.

पाचव्या मंगळवारी ते तोंडातून निघालं.
छत कोसळलं नाही. पंखा फिरत राहिला.
बाई म्हणाल्या, "हं."
एवढंसं "हं",
आणि त्यात केवढी जागा.

बरा झालो म्हणाल, तर थांबा.
ऑगस्टातल्या एका गारठलेल्या रात्री
अब्रिलनं चहाचा डबा उघडा टाकला,
एवढंच, आणि मी असा ओरडलो
की पोरीच्या हातून चमचा पडला,
सासरे लहान मुलासारखे रडायला लागले.
मी न्हाणीघरात शिरलो. कडी लावली. नळ सोडला.
टबाच्या काठावर बसून राहिलो.

दाराखालच्या फटीत सावली आली.
मिर्ता बाहेर फरशीवर बसली होती.
दार ठोठावलं नाही तिनं. म्हणाली,
"दुपारी काय खाल्लंस?"

हा माझा प्रश्न आहे.
अडकलेल्यांना मी हाच विचारतो,
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, अंधारात
कुणी म्हातारी, कुणी घामाघूम वकील.
शांत व्हा म्हटल्यानं कुणी शांत होत नाही.
जेवणाचं सांगता सांगता माणूस श्वास घेतो.
हे मी तिला कधी सांगितलं?
की झोपेतच बरळलो?

"एम्पानादा," मी म्हणालो. "गार. व्हॅनमध्ये."
"किती?"
"एक."
"आणि?"
मी नळ बंद केला.
पुढं तिनं विचारलं नाही, मीच सांगत गेलो,
वकिलाचं, फेरेयराचं,
शेवटी तिच्या बापाचंही.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "माझ्याही मनात येतं."
कडी अजून लागलेलीच होती.
काढायची घाई दोघांनाही नव्हती.

फेरेयरा तसाच आहे. सासरे तसेच, जरा जास्तच.
फोन आता फ्रिजवर असतो,
तिथून वाजला की आधी चपला शोधाव्या लागतात,
तेवढ्यात मी पुरता जागा होतो.
परवा जाऊन मी ते बेअरिंग बदलून टाकलं.
बाई म्हणाल्या, बिल द्या.
मी म्हणालो, असू दे हो, फुकट.
त्या हसल्या.
"फुकट का द्यावंसं वाटलं,
ते पुढच्या मंगळवारी बोलू."