निळा नळ

दुपारी निळा नळ सोडला, हात पोळला.
सोहारात ऑगस्टमध्ये गार पाणी हवं
तर बंद गीझरचा तांबडा नळ.
जग माझ्याच डोक्यातलं असतं
तर असला उफराटा कारभार
मी कशाला मांडला असता?

पण ठेच स्वप्नातही लागते.
फोड हा पुरावा नव्हे.

वरच्या बंकवर टेकबहादुर
कूस बदलतो, पत्रा चार बोटं खाली येतो.
चार दिवस त्याची दाढ ठणकतेय;
मी गाल चाचपतो
माझा. काहीच नाही.

मोरीत बादली दिसली,
सकाळीच भरून निवायला ठेवलेली,
वर त्याचं ताट झाकण.
मी सांगितलं नव्हतं.
मला सुचलंही नव्हतं.

पहिला तांब्या डोक्यावर.
वाद राहिलाच अर्धा,
बस चारला सुटते.