निधान

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
भट्टी बोलायला लागली की
बाकीच्यांनी गप्प राहायचं असतं.

लेडलच्या दांड्याला दोन टोकं.
फाट्याचं टोक शिवलिंगप्पाकडं, तो ओततो.
सरळ टोक माझ्याकडं, मी नुसता धरतो.
मधे साठ किलो पातळ लोखंड.
मी पुढं, तो मागं.
चालताना तो मला दिसत नाही,
ऐकू येतो.

पहिल्या दिवशी मागून म्हणाला, "निधान."
हा शब्द मी येळ्ळूरला आजोबांच्या भजनात ऐकलेला.
म्हटलं, बरोबर आहे गा,
एवढं लखलखीत, ठेवाच म्हणायचा.
आणि हुरुपानं भराभर चाललो.
बुटाशी ठिणग्या उडाल्या.
घोट्यावर डाग आहे अजून, दाखवतो कधी.
चहाच्या गाड्यावर दस्तगीर हसून बेजार:
"निधान म्हणजे सावकाश, मर्दा! कन्नडात!"

ह्या जानेवारीत कोईमतूरहून
पंपाच्या एकेचाळीस बॉड्या परत आल्या.
मालकाच्या आधी आम्हीच कोर्ट भरवलं.
साचेवाले म्हणाले, कोर कच्चे.
कोरच्या बायका म्हणाल्या, वाळू ओली.
वाळूवाला भैरू म्हणाला, लोखंडच थंड.
दस्तगीर एवढंच बोलला,
"थंड? हात घालून बघ की."

तीन दिवस डबे वेगवेगळ्या झाडांखाली उघडले.
महादेवीची शेंगाचटणी आमच्याकडं आली नाही.
भाकरी घशात अडकत होती,
हे तेव्हा कबूल केलं नसतं.

चौथ्या दिवशी नेमण्णा मगदूम सुपरवायझरनं
एक बॉडी करवतीला लावून उभी चिरली,
दोन्ही फाका चहाच्या बाकड्यावर ठेवल्या
आणि कुणाला काही न विचारता निघून गेला.

आत हरभऱ्याएवढं भोक.
गुळगुळीत, चकचकीत,
कुणीतरी मन लावून घडवल्यासारखं.

बराच वेळ कुणी कप उचलला नाही.
मग महादेवी, कुणाकडंच न बघता:
सून दवाखान्यात होती त्या शनिवारी,
दहा मिनिटं आधी काढले मी कोर.
भैरू: पाणी मापानं नाही घातलं. अंदाजानं.
दस्तगीर: ताप मोजला नाही, रंगावर ओळखला.
वीस वर्षं ओळखतोय, म्हणून.
शिवलिंगप्पा: घाई केली मी. मीच.
(सावकाश म्हणणारा तो!)

उरलो मी. मी तर नुसता धरतो.
पण साच्यातून वारा निघावा म्हणून
सुया मारायचं कामही माझंच.
सात मारायच्या,
पाठ धरली होती, पाच मारल्या.

भोक एकच, हरभऱ्याएवढं,
पण त्यात आम्ही पाचजण मावलो.
अगदी ऐसपैस.

आता ओव्हनच्या दारावर महादेवी
खडूनं वेळ लिहिते.
भैरूच्या डब्यात आतून खिळ्यानं ओढलेली रेघ.
सुया मारताना मी मोठ्यानं मोजतो,
ओंदु, येरडु, मूरु,
चारपासून मराठीत;
जीभ तिथंच वळते, मी काय करू.

सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही.
मार्चमध्ये नऊ परत आल्या.
गेटबाहेर शिवलिंगप्पा आणि मी
दुकानांच्या पाट्यांवरून अजून भांडतो,
पार बसस्टॉपपर्यंत,
आणि एकाच बसनं जातो.

आत मात्र दांडा उचलला की
मागून आवाज येतो. निधान.
मी पाऊल आखूड टाकतो.

ह्या शब्दाचा माझ्याकडचा अर्थ
त्याला अजून सांगितलेला नाही.
उद्या सांगीन म्हणतो,
चटणी पुढं आल्यावर.